जांभ्यातलं शिल्प शिबिर: नगरपरिषदेच्या वर्धापनवर्षासाठी, आखणीपासून पहिल्या पावसाळ्यापर्यंत

कोकण किनाऱ्यावरच्या काही नगरपरिषदा चांगल्याच जुन्या आहेत. रत्नागिरीची १८७६ सालची. शतकमहोत्सव किंवा शतकोत्तर सुवर्णमहोत्सव आला की समिती बसते, निधीची तरतूद होते आणि 'शहरात कायमचं काहीतरी राहायला हवं' असा सूर निघतो. त्यासाठी खुलं शिल्प शिबिर हा आमच्या मते सगळ्यात चांगला पर्याय. सहा ते आठ शिल्पकार दहा-बारा दिवस शहरात मुक्काम करतात, लोकांच्या डोळ्यांदेखत दगड घडवतात आणि झालेली शिल्पं त्याच शहरात उभी राहतात. कार्ल प्रांटल या ऑस्ट्रियन शिल्पकाराने १९५९ साली सांक्ट मार्गारेटेनच्या दगडखाणीत असं पहिलं आंतरराष्ट्रीय शिबिर भरवलं आणि पुढे ही पद्धत जगभर रुळली.

कोकणात मात्र एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी लागते. इथे चार महिने पाऊस आणि बाराही महिने खारी हवा. शिबिर कसं झालं हे समारोपाच्या दिवशी कळत नाही, ते पुढच्या ऑक्टोबरात कळतं. म्हणून आखणी शेवटाकडून सुरू करा. आधी शिल्प कुठे उभं राहणार आणि दरवर्षी त्याची देखभाल कोण करणार ते ठरवा, मग तिथे टिकेल असा दगड, मग शिल्पकार. मंडप, स्टेज आणि पाहुणे यांचा विचार सगळ्यात शेवटी.

वेळापत्रक

वर्धापनदिन ज्या तारखेला आहे त्याच तारखेला शिबिर घ्यायचा हट्ट नको. तो मे किंवा ऑगस्टात येत असेल, तर शिबिर आधीच्या हिवाळ्यात घ्या आणि वर्धापनदिनी लोकार्पण करा. कामाला सगळ्यात सोयीचा काळ म्हणजे ५ जानेवारी ते महिनाअखेर. डिसेंबरच्या शेवटच्या पंधरवड्यात पर्यटकांमुळे खोल्या मिळत नाहीत आणि मिळाल्या तरी दर परवडत नाहीत. फेब्रुवारीत जत्रा सुरू असतात, मालवण भागात आंगणेवाडीच्या जत्रेला सगळा जिल्हा लोटतो. त्यामागून शिमगा आणि मग आंबा. त्या दिवसांत टेम्पोही मिळत नाही आणि गडीमाणसंही. निवडणुका लागण्याची शक्यता असेल तर आचारसंहितेआधी कार्यादेश हातात असला पाहिजे.

दगडाचं वेळापत्रक वेगळं चालतं आणि इथेच बहुतेक समित्या अडकतात. चिरेखाणी, म्हणजे जांभ्याच्या (कोकणातल्या लाल, सच्छिद्र दगडाच्या) खाणी, पावसाळ्यात पाण्याने भरतात आणि बंद असतात. पाणी उपसून कामं सुरू व्हायला ऑक्टोबर-नोव्हेंबर उजाडतो. काळा दगड (बेसाल्ट) हवा असेल तर तो एप्रिल-मे मध्येच निवडून, १ जूनच्या आत जागेवर आणून ठेवा. पावसात भिजल्याने त्याचं काही बिघडत नाही, उलट बारीक चिरा असतील तर उघड्या पडतात. जांभ्याचं बरोबर उलटं आहे. खाणीतून ताजा काढलेला जांभा मऊ असतो, छिन्नी सहज चालते. हवेवर सुकत गेला की त्यातली लोहाची संयुगं घट्ट होतात आणि दगड कडक होत जातो. मे मध्ये आणून ठेवलेला जांभा जानेवारीत शिल्पकाराचा घाम काढतो. तो डिसेंबरच्या मध्यावर काढून घ्या आणि शिबिरापर्यंत ओल्या गोणपाटाखाली ठेवा.

चौथरे नोव्हेंबरात ओतले तर जानेवारीत वजन घेण्याआधी काँक्रीटला २८ दिवस सहज मिळतात. शिल्पकारांना आवाहन जुलैत, निवड सप्टेंबरात. गणेशोत्सवाच्या आधीच्या दोन महिन्यांत मूर्तिकार कुणालाच उपलब्ध नसतात, त्यामुळे स्थानिक मूर्तिकारांना सामील करून घ्यायचं असेल तर अर्ज भरायला गणपती विसर्जनानंतर पंधरा दिवस वाढवून द्या.

जागा आणि परवानग्या

शिबिराचं मैदान आणि शिल्पांची कायमची जागा शक्यतो एकच असावी, किंवा एकमेकांपासून पाचशे मीटरच्या आत. दीड-दोन टनांचा दगड दोनदा उचलणं म्हणजे खर्च दुप्पट आणि कोपरे तुटण्याचा धोकाही दुप्पट.

चौकातल्या बेटात किंवा रस्त्याच्या दुभाजकावर शिल्प बसवायची कल्पना सभेत हमखास येते. ती तिथेच थांबवा. सार्वजनिक रस्ते, पदपथ आणि अशाच सार्वजनिक वापराच्या जागांवर पुतळे किंवा बांधकाम उभारायला परवानगी देऊ नये असा सर्वोच्च न्यायालयाचा १८ जानेवारी २०१३ चा आदेश आहे. नगरपरिषदेच्या मालकीची बाग, वाचनालयाचं किंवा नाट्यगृहाचं आवार, तलावाकाठची मोकळी जागा ही योग्य ठिकाणं. सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्डावर मालकी कुणाची ते स्वतः बघा. 'आपलीच जागा आहे' असं सगळे सांगतात आणि कागद काढल्यावर ती मेरीटाइम बोर्डाची किंवा महसूल खात्याची निघते.

समुद्र आणि खाडीच्या भरतीरेषेलगतच्या जागांना सीआरझेडचे (किनारा नियमन क्षेत्राचे) नियम लागतात. समुद्राच्या बाजूला हा पट्टा ५०० मीटरपर्यंत जातो. त्यात नवा काँक्रीटचा चौथरा हे बांधकामच धरलं जातं. जागा त्या पट्ट्यात असेल तर नगररचना विभागाचं लेखी मत पहिल्याच महिन्यात मागवा. जवळ केंद्र-संरक्षित किल्ला असेल तर त्याच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र, हेही नकाशावर आखून घ्या.

व्यक्तीचा पुतळा या शिबिरात घेऊ नका. थोर व्यक्तींच्या पुतळ्यासाठी शासनाची स्वतंत्र नियमावली आहे, मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता लागते, आणि चेहरा जमला नाही तर सगळ्या गावाचं मन दुखावतं. बारा दिवसांच्या शिबिराचं ते काम नाही. विषय शहराच्या जगण्यातून द्या: बंदर, दीपगृह, रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं), भरती-ओहोटी, दशावतारातला मुकुट, माडाची पोय (फुलोरा). विषय शब्दांत द्या, चित्र काढून देऊ नका. चित्र दिलंत की आठही जण तेच चित्र दगडात उतरवतात.

बाकी कागद ठरलेले: सर्वसाधारण सभेचा ठराव, पोलिसांचं ना-हरकत पत्र, ध्वनिक्षेपकाची परवानगी, महावितरणची तात्पुरती जोडणी. दगड हे गौण खनिज आहे, तेव्हा खाणवाल्याकडून महाखनिज या शासनाच्या ऑनलाइन प्रणालीतला वाहतूक परवाना प्रत्येक गाडीबरोबर घ्या. 'नगरपरिषदेचं काम आहे' म्हणून गाडी सोडली जात नाही.

दगड निवडताना

उक्षी, कशेळी, बारसू, कुडोपी इथल्या सड्यांवरची (सपाट कातळमाथ्यांवरची) कातळशिल्पं डोळ्यांसमोर आणा. मोठ्या आकृत्या आणि ठळक खोदलेल्या रेषा. जांभ्याला काय पेलतं ते तिथे लिहून ठेवल्यासारखं दिसतं. त्याच्या अंगात छिद्रं असतात, मध्येच पिवळसर मऊ मातीचे कप्पे लागतात. बोटं, पापण्या, पातळ कडा त्यात टिकत नाहीत. चार इंचांपेक्षा पातळ भाग जांभ्यात ठेवूच नये. काळ्या दगडात तपशील उतरतो, पण वेळ कितीतरी जास्त लागतो.

वजनाचा हिशोब प्रत्येक समितीसदस्याला तोंडपाठ हवा. जांभा एका घनफुटाला साधारण ६० किलो, काळा दगड साधारण ८० किलो. चार फूट उंच आणि अडीच फूट बाय अडीच फूट बैठकीचा दगड म्हणजे २५ घनफूट: जांभ्याचा दीड टन, काळ्याचा दोन टन. ओला जांभा पाणी धरून असतो म्हणून वर दहा टक्के धरा. छोट्या हत्तीतून असा दगड आणायचा विचारही करू नका. एक शिल्पकार आणि एक मदतनीस मिळून बारा दिवसांत २० ते २५ घनफुटांचा जांभा नीट पुरा करतात. काळ्या दगडात १० ते १२ घनफुटांवर जाऊ नये.

चिरेखाणीतलं यंत्र चिऱ्याच्या मापाने जाळी मारत जातं, पातंही ठरावीक खोलीपर्यंतच उतरतं. म्हणून मोठा ठोकळा हवा असेल तर खाणवाल्याला आधीच सांगून एक पट्टा न कापता राखून ठेवायला लावा आणि तो पाचरी आणि पहारी लावून सोडवून घ्या. सुरुंग लावून काढलेला काळा दगड नको. वरून धड दिसतो, आत बारीक तडे गेलेले असतात आणि ते चौथ्या-पाचव्या दिवशी, निम्मं काम झाल्यावर उघडे पडतात.

दगड पारखायच्या दोन कसोट्या, दोन्ही फुकट. हातोडीने चार-पाच ठिकाणी ठोका: खणखणीत आवाज आला तर दगड एकसंध, बद्द आला तर आत पोकळी किंवा तडा. मग दगडावर बादलीभर पाणी ओता आणि पंधरा-वीस मिनिटं उन्हात थांबा. पृष्ठभाग सुकतो, पण तड्यात शिरलेलं पाणी तिथे बारीक काळपट रेघ धरून ठेवतं. त्या रेघांवर लगेच खडूने खूण करा, फोटो घ्या आणि तो फोटो शिल्पकाराला पाठवा. कुठला भाग तासून टाकायचा हे तो त्यावरून ठरवेल. पाणी सुकल्यावर हीच रेघ दिसेनाशी होते आणि नंतर शोधून सापडत नाही. इतकं करूनही एखादा दगड दगा देतोच, म्हणून दर चार दगडांमागे एक जादा मागवा.

इतर माध्यमांबद्दल थोडक्यात. साधं लोखंड समुद्राजवळ नकोच. मालवणच्या राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ ला अनावरण झालेला पुतळा २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला, तेव्हा गंजलेल्या नटबोल्टांचा प्रश्न राज्यभर चर्चेत आला होता. किनाऱ्यावर काम करणाऱ्या प्रत्येकाने तो लक्षात ठेवावा. धातू लागेल तिथे ३१६ प्रतीचं स्टेनलेस स्टील वापरा, ३०४ वर खाऱ्या हवेत तपकिरी डाग येतात. स्टेनलेस आणि साधं लोखंड एकमेकांना चिकटवून ठेवलं तर लोखंड आणखी वेगाने गंजतं. फायबर उन्हाने भुकटीसारखं पांढरं पडतं. लाकडाला छप्पर हवं आणि वाळवीपासून जपायला हवं.

चौथरा

वरच्या दोन टनी दगडासाठी साध्या मुरमाड किंवा कातळाच्या जमिनीवर दीड मीटर बाय दीड मीटर, २०० मिलिमीटर जाड आरसीसी (सळ्या घातलेल्या काँक्रीटचा) स्लॅब पुरतो. खाली १०० मिलिमीटर पीसीसी (साधं काँक्रीट), आत १० मिलिमीटरच्या सळ्या दोन्ही दिशांना १५० मिलिमीटर अंतरावर, आणि सळीभोवती किमान ५० मिलिमीटर काँक्रीटचं आवरण. हे आवरण किनाऱ्यावर फार महत्त्वाचं. खाडीतली वाळू किंवा मचूळ विहिरीचं पाणी वापरलं तर क्षार आतच बंद होतात, तीन-चार वर्षांत सळी फुगते आणि स्लॅब फुटतो. पुळणीवर (किनाऱ्याच्या वाळूवर) किंवा भरावावर चौथरा असेल तर खोदाई आणि खोली स्थापत्य अभियंत्यानेच ठरवावी आणि आराखड्यावर सही करावी.

उंचीबद्दल आमचा आग्रह आहे. पावसाच्या थेंबांनी लाल माती फूट-दीड फूट वर उडते आणि शिल्पाचा खालचा भाग कायमचा रंगतो. म्हणून चौथरा जमिनीपासून किमान ३०० मिलिमीटर उचला, बाजूने चिरेबंदी बांधा आणि भोवती दोन फूट रुंद खडीचा पट्टा टाका. वरच्या पृष्ठभागाला बाहेरच्या बाजूने उतार द्या, मीटरला दोन सेंटिमीटर पुरेत.

शिल्पकार, पैसे, करार

सावर्ड्याचं सह्याद्री कला महाविद्यालय आणि देवरुखचं डी-कॅड (देवरुख कॉलेज ऑफ आर्ट अँड डिझाइन) ही दोन्ही कला महाविद्यालयं कोकणातलीच. निम्म्या जागा कोकणातल्या शिल्पकारांना आणि मदतनिसाच्या सगळ्या जागा विद्यार्थ्यांना द्या. बाहेरून आलेल्या अनुभवी शिल्पकाराच्या हाताखाली बारा दिवस काम केलेला विद्यार्थी पुढच्या शिबिराचा कणा असतो. या किनाऱ्याला शिल्पकलेचा वारसाही आहे. विनायक करमरकर अलिबागजवळच्या सासवण्याचे, आणि तिथे त्यांच्या घरातलं शिल्पालय आजही पाहता येतं. समितीने कामाला लागण्याआधी एकदा तिथे जाऊन यावं.

अर्जासोबत मातीचा किंवा प्लास्टरचा छोटा नमुना मागवा, मूळ शिल्पाच्या एक-पंचमांश मापाचा, आणि चारही बाजूंचे फोटो. नुसत्या रेखाचित्रावर निवड केली की समोरून सुंदर आणि मागून ओबडधोबड अशी शिल्पं पदरी पडतात. निवड समितीत एक ज्येष्ठ शिल्पकार, नगरपरिषदेचा अभियंता, स्थानिक इतिहासाचा जाणकार आणि बाग खात्याचा माणूस असावा. नमुने नावं झाकून समोर ठेवा. अभियंत्याला एकच प्रश्न विचारा: यावर मुलं चढली तर काय होईल? मुलं चढणारच आहेत.

खर्चाची विभागणी आम्ही अशी सुचवू: मानधन ३५ टक्के, चौथरे आणि उभारणी २०, दगड आणि वाहतूक १५, निवास-भोजन १०, वीज-मांडव-सुरक्षा १०, आणि उरलेले १० टक्के पुढच्या तीन वर्षांच्या देखभालीसाठी वेगळ्या लेखाशीर्षाखाली. उद्घाटनाच्या कार्यक्रमाचा खर्च यात धरलेला नाही. तो प्रायोजकांकडून उभा करा, म्हणजे स्टेज वाढला तरी दगडाचे पैसे कमी होणार नाहीत. मानधन तीन हप्त्यांत द्या: दगड ताब्यात घेतल्यावर ३० टक्के, सहाव्या दिवशी ४०, उभारणीनंतर आठवड्याच्या आत ३०. शिल्पकाराला बिलासाठी नगरपरिषदेत खेटे घालायला लागले तर चांगला माणूस पुन्हा येत नाही.

करार दोन पानी पुरतो, पण त्यात पुढचं स्पष्ट हवं: शिल्पाची मालकी नगरपरिषदेची, शिल्पकाराचं नाव कायम लावायचं, जागा बदलायची किंवा दुरुस्ती करायची झाल्यास शिल्पकाराला आधी कळवायचं, छोट्या प्रतिकृती करून विकायचा हक्क कुणाचा. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ प्रमाणे कलाकृती विकल्यावरही तिची मोडतोड होऊ न देण्याचा हक्क कलावंताकडे राहतो. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं अमरनाथ सेहगल यांचं ब्राँझचं भित्तिशिल्प १९७९ मध्ये काढून टाकलं गेलं. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने शिल्पाचे अवशेष त्यांना परत द्यायला आणि पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. हा निकाल मुख्याधिकाऱ्यांना करारासोबत दाखवा.

मैदान

प्रत्येक शिल्पकाराला १५ फूट बाय १५ फूट जागा, दोन जागांमध्ये किमान दहा फूट अंतर, आणि एका बाजूने क्रेनला यायला बारा फुटांची मोकळी वाट. बांबूच्या मांडवावर झापं किंवा हिरवी शेडनेट चालते, पण वाटेच्या बाजूचं छप्पर सुटं ठेवा, नाहीतर हायड्रा (फिरती क्रेन) आल्यावर मांडवच मोडावा लागतो. ज्याच्याकडे धातूचं काम आहे त्याच्यावर झापं नकोत, ग्राइंडरच्या ठिणग्या पडतात. माडाखाली कुणालाही बसवू नका. जागा माडाच्या बागेतच असेल तर आधी पाडेली बोलावून नारळ आणि सुक्या झावळ्या उतरवून घ्या.

वाऱ्याचा विचार करा. हिवाळ्यात सकाळी मतलई वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो, दुपारी खारा वारा उलट येतो. वस्ती मैदानाच्या पूर्वेला असेल तर यंत्राने कापायचं काम सकाळी ८ ते १ मध्ये उरका आणि दुपारी ३ ते ६ हातछिन्नीचं काम ठेवा. मात्र पश्चिमेला वाळवण असेल तर हाच नियम अंगाशी येतो: सुकत घातलेल्या बोंबलांवर आणि सोड्यांवर लाल धूळ बसली तर कोळीणींचं खरं नुकसान होतं. आधी जाऊन त्यांच्याशी बोला, गरज पडल्यास उंच शेडनेटची भिंत उभारा किंवा मैदानच बदला. जानेवारीत आंब्याला मोहोर असतो, म्हणून बागेला लागून जागा घेऊ नका.

सात इंची ग्राइंडर सव्वादोन किलोवॉटपर्यंत वीज ओढतो, पाच अश्वशक्तीचा कॉम्प्रेसर पावणेचार. आठ जणांसाठी २५ किलोवॉटची थ्री-फेज जोडणी आणि ४० केव्हीएचा जनरेटर धरा. लांबच लांब बारीक वायर ओढली की टोकाला विजेचा दाब कमी होतो आणि ग्राइंडरची वाइंडिंग जळते. तीस मीटरपर्यंत २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची केबल, त्यापुढे ४ ची. प्रत्येक जागेला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळती झाली की प्रवाह तोडणारा स्विच) हवाच, कारण लोक पाण्यात उभं राहून काम करतात. कोरड्या कातळात अर्थिंग नीट होत नाही. खड्डा खोल घ्या, त्यात मीठ-कोळसा आणि रोज पाणी घाला, आणि वायरमनकडून मापून घ्या.

प्रत्येक जागेवर २०० लिटरचा पाण्याचा ड्रम ठेवा. कापताना पाण्याची बारीक धार सोडली की धूळ हवेत उडत नाही. दगडाची बारीक धूळ वर्षानुवर्षं फुप्फुसात गेली की तिथे कायमची इजा होते आणि तोंडावर बांधलेला रुमाल ती अडवत नाही. एन-९५ मास्क माणशी रोज एक, गॉगल, कानांचे मफ, टोकाला पोलाद असलेले बूट. ग्राइंडरचं गार्ड काढून काम करणाऱ्याला थांबवायचा अधिकार सुरक्षा जबाबदार व्यक्तीला लेखी द्या. गाळपाणी गटारात सोडू नका, गटार चोंदतं, खड्ड्यात जिरवा. काळ्या दगडाच्या शिल्पकाराला सात इंची डायमंड ब्लेड सहा ते आठ लागतात, जांभ्याला दोन-तीन पुरतात. छिन्न्या आणि टाक्यांना रोज संध्याकाळी पाणी देऊन धार लावणारा लोहार मैदानावर असेल तर काम दीडपट वेगाने होतं.

बारा दिवस

पहिला दिवस दगड नीट आडवा-उभा लावण्यात जातो. लाकडी ठोकळ्यांवर, जमिनीपासून सहा इंच उचलून ठेवा, म्हणजे पट्टा खालून घालता येतो. दुसऱ्या ते पाचव्या दिवशी मोठं कापकाम. या काळात मैदान लोकांना फक्त दोरीबाहेरून, दहा फुटांवरून बघू द्या. सहाव्या दिवशी निवड समितीने फेरी मारावी, पण सूचना देऊ नयेत. कुणाचा दगड फुटला, कुणाला जादा मदतनीस हवा एवढंच पाहावं. लोकप्रतिनिधींची भेट संध्याकाळी सहानंतर ठेवा. दिवसा ताफा आला की दोन तास काम बंद पडतं.

शाळांना सातव्या दिवसापासून बोलवा, एका वेळी चाळीस मुलं, आणि त्यांच्यासाठी शेजारी मातीचा वेगळा मांडव. दगड नुसता बघून मुलांचं समाधान होत नाही. हाताला काहीतरी लागलं पाहिजे. एखाद्या रात्री दशावताराचा प्रयोग ठेवलात तर सगळं गाव मैदान बघून जातं.

उभारणी

हायड्रावर लिहिलेली १२ किंवा १४ टनांची क्षमता बूम (क्रेनचा लांब होणारा हात) आत असतानाची असते; बूम लांबवला की ती झपाट्याने घटते. म्हणून चालकाला वजनासोबत अंतरही सांगा. आदल्या दिवशी टेप घेऊन वाट मोजा. गडग्यांमधून गेलेल्या पाखाड्या आणि गल्ल्या, खाली लोंबणाऱ्या विजेच्या तारा, मोऱ्यांवरच्या कमकुवत फरशा, यांतलं एक तरी काहीतरी आडवं येतंच. साखळीने उचलू नका, जांभ्याच्या कडा तुटतात. तीन टनी नायलॉनचे दोन पट्टे आणि कडेला गोणपाटाच्या घड्या.

उंची बैठकीच्या दुपटीहून जास्त असलेल्या प्रत्येक शिल्पाला दोन खुंट्या द्या: ३१६ स्टेनलेसच्या, २० मिलिमीटर जाड, २०० मिलिमीटर दगडात आणि १५० चौथऱ्यात, इपॉक्सीने (रासायनिक गोंदाने) बसवलेल्या. जांभ्यात खुंटी कडेपासून सहा इंच आत घ्या आणि भोक फुंकून पूर्ण कोरडं करा. ओल्या भोकात इपॉक्सी धरत नाही. शिल्पात कुठे खोलगट भाग असेल तर त्याच्या तळाशी १२ मिलिमीटरचं भोक तिरकं बाहेर काढा. साचलेल्या पाण्यात डास होतात आणि पहिल्या तक्रारीला कुणीतरी तो खड्डा सिमेंटने बुजवून टाकतो.

नामफलक ग्रॅनाईटचा करा, पितळी फलक हिरवा पडतो किंवा चोरीला जातो. त्यावर शिल्पकाराचं नाव, वर्ष, दगड कुठल्या खाणीतला आणि 'हे शिल्प नगरपरिषदेच्या अमुक वर्धापनवर्षानिमित्त' एवढं असू द्या. उभा दगड दिसला की भाविक माणूस श्रद्धेने नारळ ठेवतो, शेंदूर लावतो. फलक पहिल्याच दिवशी असेल तर गैरसमज होत नाही. नंतर शेंदूर पुसायला जाणं म्हणजे वाद ओढवून घेणं.

पहिला पावसाळा

उभारणीनंतर जांभा तीन आठवडे पूर्ण सुकू द्या आणि मग सिलेन-सिलोक्सेन प्रकारचं, दगडाला श्वास घेऊ देणारं जलरोधक एप्रिलमध्ये मारा. ऑइलपेंट, वॉर्निश, चकाकी देणारं लॅकर कधीही नाही. ओल आत अडकते, क्षार पापुद्र्यामागे स्फटिक धरतात आणि रंगाबरोबर दगडाचा थरही सुटून येतो. 'गुळगुळीत आणि चकचकीत' करायची मागणी उद्घाटनाआधी होतेच, तिला नकार देण्याची जबाबदारी समितीने घ्यावी.

शिल्पांची नोंद नगरपरिषदेच्या मालमत्ता नोंदवहीत क्रमांकासह झाली पाहिजे, नाहीतर पुढच्या सुशोभीकरणात ती हलवली जातात आणि जबाबदार कोण हे कुणाला सांगता येत नाही. देखभाल कुठल्या विभागाकडे, हे ठरावातच लिहा.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात अभियंता आणि एका मदतनिसाने प्रत्येक शिल्पापाशी अर्धा तास द्यावा. मऊ ब्रश आणि गोडं पाणी घेऊन शेवाळ धुवायचं. अॅसिड किंवा प्रेशर वॉशर जांभ्यावर चालवू नये, त्याने छिद्रं मोठी होतात. चौथऱ्याच्या कडेला केसाएवढी चीर दिसली तर पेन्सिलने तिच्या दोन्ही टोकांना खूण आणि तारीख घालायची, म्हणजे पुढच्या वर्षी ती वाढली की नाही ते कळतं. खुंटीच्या सांध्यावर बोट फिरवून सांध्यातला भराव सुटलाय का पाहायचं, पाणी जायचं भोक तारेने मोकळं करायचं, शिल्प दोन्ही हातांनी ढकलून हलतं का ते बघायचं, चारही बाजूंचे फोटो घेऊन नोंदवहीत लावायचे.